गाव नकाशा मिळेपर्यंत क्षेत्रकार्य थांबवू नका

गडचिरोलीतील गोंड गावात प्रबंधासाठी काम करताना अधिकृत गाव नकाशा मिळत नाही आणि गावकऱ्यांनी काढलेला नकाशा उपग्रह चित्राशी जुळत नाही, असे आपण लिहिले आहे. त्याच जिल्ह्यात संशोधन करताना मी या दोन्ही अडचणींतून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. जीपीएसची प्राथमिक माहिती आपल्याला असेलच.

माझे सर्वाधिक नुकसान एका सरकारी कार्यालयाने केले. गाव नकाशासाठी अर्ज केला, तर आधी विभागप्रमुखांचे पत्र मागितले. ते दिल्यावर त्यात प्रबंधाचा विषय नाही म्हणून परत केले. मग अधिकाऱ्यांची बदली झाली आणि अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर आला. तोवर मोहफुलांचा हंगाम सरला, आणि कोणते कुटुंब कोणत्या झाडाखाली वेचते हे तर त्याच दिवसांत पाहता येते. अखेर हाती पडली ती लहान केलेली झेरॉक्स, जिच्यावरची प्रमाणपट्टी कापली गेली होती. ज्या नकाशावर लोकांच्या हक्कांचा निवाडा होतो, तो त्यांच्यापासूनच असा दूर ठेवला जावा याचा मला आजही संताप येतो.

त्यामुळे अर्जाची पोच घ्या आणि शिवारफेरी लगेच सुरू करा. नकाशे न जुळणे हा दोष मानू नका. पेनाचे, म्हणजे गोंडांच्या देवाचे, ठिकाण मोठे आणि तलाठ्याचे कार्यालय कोपऱ्यात का काढले, हे विचारल्यावरच खरी मुलाखत सुरू होते. कॅनडातील इन्युइट शिकाऱ्यांनी आयुष्यभराच्या शिकारीच्या वाटा नकाशांवर रेखाटल्या; 1976 मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास पुढे त्यांच्या भूमिहक्काच्या दाव्याला आधार ठरला. बायकांसोबत वेगळे बसा. मला तरी पुरुषांच्या नकाशात गावाची शीव आणि देवस्थाने ठळक दिसली, तर बायकांच्या नकाशात पाणी, सरपण आणि कंदमुळांच्या जागा. सर्वत्र असेच असेल, असा माझा दावा नाही.

मी कायद्याची जाणकार नाही, तरी वनहक्क कायद्याचे नियम जरूर वाचा. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन त्यांत पुरावा म्हणून ग्राह्य आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीनुसार उपग्रह चित्र अन्य पुराव्यांना पूरक ठरते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या ग्रामसभेची कार्यपद्धती समजून घेतल्यास बराच उपयोग होईल.

एक तांत्रिक सूचना: भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या संदर्भप्रणालीवर (अक्षांश-रेखांश ठरवण्याच्या पद्धतीवर) आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या वेगळ्या प्रणालीवर चालते. रूपांतर न करता जीपीएसचे बिंदू या नकाशांवर चढवले तर ते शेजारच्या शेतात जाऊन पडतात, आणि मग गावकऱ्यांची स्मृतीच चुकीची ठरवली जाते.

देवस्थाने आणि औषधी वनस्पतींच्या जागा प्रबंधात छापण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव घ्या. ग्रामसभेने नकार दिला तर त्या खुणा छापील नकाशातून वगळा. मूळ प्रत मात्र गावाकडेच राहू द्या.