मेसेज फोनवर आला, कॉम्प्युटरवर का नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

‘सिंक होत नाही’ एवढंच लिहून बरेच प्रश्न येतात. त्यामागची कारणं मात्र एकमेकांशी अजिबात न जुळणारी असतात. म्हणून मी आधी एकच गोष्ट तपासायला सांगतो: मूळ मेसेज साठवलेला कुठे आहे? तुमच्या फोनमध्ये, की एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर? हे कळलं की पुढचा निम्मा गोंधळ मिटतो. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न: अँड्रॉइड फोन आहे. गूगल मेसेजेस कॉम्प्युटरच्या ब्राउझरला जोडलं आहे. सकाळी व्यवस्थित चालतं, पण फोन तासभर टेबलावर पडून राहिला की नवे मेसेज यायचे थांबतात. फोन उचलून स्क्रीन चालू केली की सगळे एकदम येतात. बिघाड फोनमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये?

‘स्क्रीन चालू केली की एकदम येतात’ हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निदान त्यातच आहे. बिघाड दोन्हीकडे नाही.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवला गेला. त्या काळापासून या सेवेची रचना अशी आहे: मेसेज मोबाइल कंपनीच्या केंद्रात येतो, तुमचा फोन नेटवर्कमध्ये सापडेपर्यंत तिथे थांबतो आणि फोनमध्ये पोचला की केंद्राचं काम संपतं. ईमेलसारखं मागाहून दुसऱ्या उपकरणावरून लॉगिन करून जुने मेसेज मागवण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये तुम्हाला जे दिसतं ते तुमच्या फोनने इंटरनेटवरून तिकडे पोचवलेलं असतं. फोन गप्प बसला की ब्राउझरही गप्प.

आणि फोन गप्प बसतो तो बॅटरी वाचवण्यासाठी. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ नावाची सोय आहे. चार्जर लावलेला नाही, फोन हलत नाही, स्क्रीन बंद आहे, अशी स्थिती काही वेळ टिकली की पार्श्वभूमीवर चालणाऱ्या ॲपचं इंटरनेट अडवून धरलं जातं. टेबलावर पडलेला तुमचा फोन नेमका याच स्थितीत असतो. तातडीच्या सूचनांसाठी डोझमध्ये वाट ठेवलेली आहे, पण बऱ्याच फोन कंपन्या त्यावर स्वतःची आणखी कडक बॅटरी-बचत चढवतात आणि तिथे ती वाट बंद होते.

खात्री करायची सोपी रीत: एक दिवस फोन चार्जरला लावूनच काम करा. मेसेज न थांबता आले तर कारण हेच. मग सेटिंग्ज, ॲप्स, मेसेजेस, बॅटरी असं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. त्याच ॲपचा बॅकग्राउंड डेटा चालू आहे ना तेही बघा. बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

तरीही अडलं तर ब्राउझरकडे वळा. पान प्रायव्हेट विंडोत उघडलं असेल किंवा ब्राउझर बंद होताना कुकीज पुसल्या जात असतील, तर जोडणी टिकणारच नाही. हेच पान दोन ठिकाणी उघडं असेल तर एका वेळी एकच चालतं.

जोडणी तोडून पुन्हा क्यूआर कोड स्कॅन करण्याचा उपाय बहुतेक जण सर्वात आधी करतात. मी तो सर्वात शेवटी ठेवतो. स्कॅन करताना फोन हातात आणि जागा असतो, त्यामुळे सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं, आणि खरं कारण तसंच राहतं.

प्रश्न: विंडोजच्या फोन लिंकमध्ये महिन्याभरापूर्वीचे मेसेज दिसत नाहीत. शिवाय एका मैत्रिणीचे नवे मेसेजही तिथे कधीच येत नाहीत. फोनवर मात्र येतात.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर छोटं: फोन लिंक गेल्या ३० दिवसांचेच मेसेज दाखवतं. जुनं काही शोधायचं असेल तर फोनमध्येच शोधा. तिथून काहीही पुसलं गेलेलं नाही.

मैत्रिणीची गोष्ट वेगळी. फोनवर तिचं संभाषण उघडा आणि जिथे टाइप करता त्या चौकटीत फिकट अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘आरसीएस’ (एसएमएसच्या जागी आलेला नवा मेसेज-प्रकार) असेल तर कोडं सुटलं. साधे एसएमएस फोनमधल्या एका सामायिक साठ्यात राहतात आणि परवानगी दिलेलं कुठलंही ॲप ते वाचू शकतं. फोन लिंक तेच करतं. आरसीएस मेसेज इंटरनेटवरून येतात आणि गूगल मेसेजेस ते स्वतःच्या वेगळ्या साठ्यात ठेवतं. सॅमसंगचे काही फोन सोडले तर फोन लिंकचा हात तिथवर पोचत नाही.

आरसीएस बंद केलं की तिचे मेसेज दिसू लागतील, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. मी देणार नाही. दोन्हीकडे गूगल मेसेजेस असेल तर आरसीएसमधला मजकूर एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय वाटेत कोणालाही तो वाचता येत नाही. साध्या एसएमएसला ते संरक्षण नाही. कॉम्प्युटरच्या सोयीसाठी ते सोडू नका. मेसेजपुरतं गूगल मेसेजेस ब्राउझरमध्ये वापरा, त्यात दोन्ही प्रकार दिसतात. फोन लिंक फोटो आणि कॉलसाठी राहू दे.

प्रश्न: आयफोन आणि मॅक दोन्ही आहेत. निळे मेसेज मॅकवर येतात, हिरवे येत नाहीत.

निळा म्हणजे आयमेसेज. तो ॲपलच्या सर्व्हरवरून तुमच्या प्रत्येक उपकरणाकडे स्वतंत्रपणे जातो. हिरवा एसएमएस सिमकार्डावर येतो, आणि मॅकमध्ये सिमकार्ड नाही. त्यामुळे आयफोनने तो पुढे पाठवला तरच मॅकला कळणार. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये मेसेजेस, मग टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग, आणि यादीतल्या मॅकपुढचं बटण चालू करा. आयओएस १८ पासून मेसेजेस हे ‘ॲप्स’ या विभागात गेलं आहे, म्हणून काहींना ते सापडत नाही.

फॉरवर्डिंगचा पर्यायच दिसत नसेल तर दोन्ही उपकरणांवर एकच ॲपल खातं आहे का ते तपासा. घरातल्या कोणाच्या तरी खात्यावर मॅक चालू असणं हे नेहमी सापडणारं कारण आहे. आणखी एक: ‘सेंड अँड रिसीव्ह’मध्ये मॅकवरही तुमच्या फोन नंबरपुढे खूण हवी. तिथे फक्त ईमेल असेल तर मॅकवरून लिहिलेलं उत्तर ईमेलच्या नावाने जातं आणि समोरच्याकडे तुमची दोन वेगळी संभाषणं तयार होतात.

प्रश्न: मॅकवर जागा कमी होती म्हणून जुनी संभाषणं पुसली. आयफोनवर आहेतच असं धरून चालले होते. आता तिथूनही गेली. त्यात माझ्या आईचे मेसेज होते. परत मिळतील का?

मिळण्याची शक्यता आहे, म्हणून पुढचं वाचण्याआधी हे करा. आयफोनवर मेसेजेस उघडा, संभाषणांच्या यादीवरच्या मेनूतून ‘रिसेंटली डिलीटेड’ उघडा, आईचं संभाषण निवडून ‘रिकव्हर’ करा. आयओएस १६ पासून पुसलेले मेसेज इथे ३० दिवस राहतात. पूर्णपणे जायला कधी ४० दिवसही लागतात. म्हणून महिना उलटला असला तरी बघा.

तिथे नसतील तर घरात याच खात्याचं एखादं जुनं आयपॅड किंवा आयफोन बंद पडून आहे का ते आठवा. असेल तर ते चालू करण्यापूर्वी घरातलं वायफाय बंद करा आणि त्यात सिम असेल तर काढून ठेवा. तुम्ही मॅकवर पुसलं ही बातमी त्या उपकरणाला अजून कळलेली नाही. ते इंटरनेटला लागलं की कळेल आणि तिथूनही मेसेज जातील. इंटरनेटशिवाय उघडून संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या. मॅकचा टाइम मशीन बॅकअप नियमित होत असेल तर त्यात मेसेजेसचं फोल्डर असतं, जाणकाराकडून ते काढून घेता येतं. आयक्लाउड बॅकअपवर मात्र फार भिस्त ठेवू नका. आयक्लाउडमध्ये मेसेज सिंक करणं चालू असेल तर त्या बॅकअपमध्ये मेसेज वेगळे घेतलेच जात नाहीत.

हे असं का झालं तेही सांगायला हवं, कारण हा गैरसमज फार लोकांचा आहे आणि तो फार महाग पडतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व उपकरणांवर सारखंच दिसावं एवढंच सिंकचं काम, आणि पुसणं हाही त्याच्या दृष्टीने एक बदलच. तो बदल ते इमानेइतबारे सगळीकडे पोचवतं. फक्त मॅकवरची जागा मोकळी करायची असेल तर आधी मॅकच्या मेसेजेस सेटिंग्जमध्ये जाऊन त्या एका मॅकपुरतं आयक्लाउडमधलं सिंक बंद करायचं, मग पुसायचं. ‘कीप मेसेजेस’ हा पर्यायही बघून ठेवा. तिथे ‘३० दिवस’ किंवा ‘एक वर्ष’ निवडलेलं असेल तर फोन न विचारता जुने मेसेज काढत राहतो.

जे मेसेज गमावणं परवडणार नाही ते मेसेजच्या ॲपबाहेर ठेवा. मॅकवर संभाषण वर वर स्क्रोल करून पूर्ण उघडा आणि प्रिंटमधून पीडीएफ करा. अँड्रॉइडवर एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर हे ॲप सगळे मेसेज एका फाइलमध्ये उतरवून देतं. ती फाइल फोनमध्येच ठेवून देऊ नका, दुसरीकडे कॉपी करा. माणूस गेल्यावर त्याचे मेसेज पुन्हा येत नाहीत. हे काम आजच करा.

प्रश्न: आयफोन विंडोजला फोन लिंकने जोडला. ग्रुपचे मेसेज नाहीत, फोटो पाठवता येत नाहीत, जुनं संभाषणही दिसत नाही.

तुमची जोडणी बरोबर आहे. २०२३ मध्ये आलेली ही सोय ब्लूटूथवर चालते आणि तिची धाव एवढीच आहे. मेसेज अजिबातच येत नसतील तर मात्र आयफोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये कॉम्प्युटरच्या नावापुढच्या चिन्हावर टॅप करून नोटिफिकेशन्सची परवानगी चालू करा.

प्रश्न: कॉम्प्युटरवरून मराठीत एक परिच्छेदाचा एसएमएस पाठवला. बिलात चार मेसेज मोजले गेले. सिंकच्या गडबडीत तो चारदा गेला का?

नाही. फोनवर ते संभाषण उघडा. तिथे एकच फुगा दिसत असेल तर मेसेज एकदाच गेला आहे.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात, म्हणून त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला सोळा बिट लागतात, म्हणून ७०च. शिवाय काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थी’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण एसएमएसच्या हिशेबात तो दहा खुणांचा आहे. लांब मेसेजच्या प्रत्येक तुकड्यात ‘हा कितवा तुकडा’ ही नोंदही घालावी लागते, त्यामुळे तुकड्यात ६७च खुणा उरतात. अडीचशे खुणांचा परिच्छेद म्हणजे चार तुकडे, आणि बिलात चार मेसेज. घेणारा फोन ते जोडून एकसंध दाखवतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजी मेसेजमध्ये एकच इमोजी घातला तरी तो पूर्ण मेसेज ७०च्या हिशेबात जातो.

लांब मराठी मजकूर पाठवायचा असेल तर आरसीएस, आयमेसेज किंवा व्हॉट्सॲप वापरा. तिथे असे तुकडे मोजले जात नाहीत.

प्रश्न: नोकरी सोडली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझे मेसेज उघडे राहिले असावेत. आता तिथे जाता येणार नाही.

जायची गरज नाही, सगळं फोनवरून तोडता येतं, आणि ते आत्ताच करा. गूगल मेसेजेसमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून डिव्हाइस पेअरिंग उघडा आणि तो कॉम्प्युटर काढा. फोन लिंक असेल तर फोनमधल्या लिंक टू विंडोज या ॲपमधून काढा. ऑफिसचा मॅक असेल तर टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग बंद करा, शिवाय ॲपल खात्याच्या उपकरणांच्या यादीतूनही तो काढा. व्हॉट्सॲपचं लिंक्ड डिव्हाइसेसही तपासा. तिथे जोडलेला कॉम्प्युटर फोन बंद असतानाही चालतो. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर तो आपोआप बाहेर पडतो, पण तुम्ही फोन रोज वापरता, म्हणजे तो बाहेर पडणार नाही.

घाई करायला सांगतोय ते ओटीपीमुळे. ज्याला तुमचे मेसेज दिसतात त्याला बँकेचे आणि ईमेलचे ओटीपीही दिसतात. याच कारणाने, दुसऱ्या कोणी पाठवलेला क्यूआर कोड मेसेज ॲपमधून कधीही स्कॅन करू नका, सांगणारा कितीही ओळखीचा वाटला तरी. आणि जोडणी तोडताना त्या यादीत तुम्ही न ओळखणारं आणखी एखादं उपकरण दिसलं तर तेही काढा आणि त्या खात्याचा पासवर्ड लगेच बदला.