समोरची बोली खोटी असेल. तुमची खरी होती का?

वाचकाचं पत्र: वय ४६, शिरोलीत नोकरी, हातात पगार ६२ हजार, गाडीचा हप्ता ११ हजार. कळंब्यातला, बँकेनं थकीत कर्जापोटी लिलावात काढलेला टू बीएचके घ्यायचा होता. राखीव किंमत ३२ लाख. मी ३४ लाखांची मर्यादा ठरवली होती, पण ३७ लाख ४० हजारांपर्यंत गेलो. 'बोलीदार ४' दर वेळी शेवटच्या मिनिटाला दहा हजार वाढवायचा. फ्लॅट ३७.५० ला त्यालाच गेला. हा बँकेनं बसवलेला माणूस असणार. पुढच्या महिन्यात उचगावच्या फ्लॅटचा लिलाव आहे, राखीव किंमत २९ लाख. खोट्या बोल्या ओळखायच्या कशा? लॉगिन आणि कागदपत्रं एजंट बघतो, त्याची फी अंतिम किमतीच्या दोन टक्के. तो म्हणतो कर्ज आठवड्यात होतं, भाडं महिना ९ हजार येईल. अनामत परत आली आहे, ती धरून माझ्याकडे सव्वासात लाख आहेत. मुलगी अकरावीत आहे. – फुलेवाडी, कोल्हापूर

विचारलंत तेवढ्याचं उत्तर आधी देतो. शेवटच्या मिनिटाला बोली वाढली म्हणून ती खोटी ठरत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पाच मिनिटांनी वाढते, असा नियम बहुतेक नोटिशींत असतो. त्यामुळे जाणता माणूस आधी हात दाखवतच नाही. शिवाय बँकेच्या लिलावात बसायला केवायसी आणि अनामत लागते, इथे ३ लाख २० हजार. जिंकून पळालं की ती जप्त. गंमत म्हणून एवढं कोणी घालवत नाही. कर्जदाराचा पाहुणा वेळ काढायला बसू शकतो. पण तसं असेल तर तो पैसे भरणार नाही आणि फ्लॅट पुन्हा लिलावात येईल. फसलेल्या विक्रीनंतरच्या फेरलिलावाला १५ दिवसांची नोटीस पुरते. तेव्हा दोन-तीन महिने नोटिसा बघत राहा. तोच फ्लॅट परत दिसला तर तुमच्या संशयात दम आहे. बँक सरकारी असेल तर विक्री कायम झाली का, रक्कम भरली गेली का, हे माहिती अधिकारात विचारता येतं.

संशयच घ्यायचा तर किंमत चढल्यावर कोणाचा खिसा भरतो ते बघा. ३४ ऐवजी ३७.४० ला सौदा ठरला असता तर एजंटाची फी सात हजारांनी वाढली असती. त्याच लिलावात त्याचं दुसरं गिऱ्हाईक होतं का, हे त्याला तोंडावर विचारा. तो दोषी आहे असं मी म्हणत नाही, पण आपलं लॉगिन आणि ओटीपी टक्केवारीवर काम करणाऱ्याच्या हातात देणं म्हणजे तिजोरीची किल्ली दुकानदाराकडे ठेवणं. पासवर्ड आजच बदला.

आता न विचारलेलं. समजा बोलीदार ४ थांबला असता आणि ३७.४० ला फ्लॅट तुम्हाला लागला असता. सरफेसीच्या, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या, नियमांप्रमाणे २५ टक्के, म्हणजे ९.३५ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. अनामत वजा जाता ६.१५ लाख. तुमच्याकडे अनामत सोडून चारच लाख होते. दोन लाख कमी पडले असते आणि अनामत गेली असती. सोनं ठेवून ते उभे केले असते, तरी उरलेले २८ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायचे. मुदतवाढ बँकेच्या लेखी संमतीनं आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत. तेही चुकलं की सगळे ९.३५ लाख जप्त. ही पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये योग्य ठरवली आहे, तेव्हा दयेच्या अर्जावर विसंबू नका.

आणि २८ लाख येणार कुठून? साठीपर्यंत १४ वर्षं, ९ टक्के दर धरला तर हप्ता २९ हजारांच्या पुढे. गाडीचे ११ मिळवले की ४० हजार, पगार ६२. बँका साधारण निम्म्या पगारापर्यंतच हप्ते चालवतात. म्हणजे तुम्हाला मिळेल १९ लाखांच्या आसपास. नऊ लाखांचं भगदाड. 'आठवड्यात कर्ज' हे एजंटाचं वाक्य आहे, बँकेचं नव्हे. ताबा नसलेल्या लिलावाच्या मालमत्तेवर कर्ज द्यायला बँका का-कू करतात, आणि विक्रीचा दाखला हाती येतो सगळे पैसे भरल्यावर.

म्हणजे त्या दिवशी मागे पैसा नसलेली बोली कोणाची होती? तुमची. ३४ लाखांनंतर सतरा वेळा दहा-दहा हजार चढवलेत ते हिशोबानं नव्हे, इरेला पेटून. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभा असलेला व्यापारी घासाघीस करतो, पण रवे उचलायचे पैसे त्याच्याकडे असतात.

फ्लॅट तरी स्वस्त होता का? ३७.४० वर मुद्रांक सहा टक्क्यांच्या आसपास, सव्वादोन लाख. नोंदणी ३० हजार, एजंट ७५ हजार. पावणेएक्केचाळीस झालेच. 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर विक्री, म्हणून सोसायटीची आणि घरफाळ्याची थकबाकी तुमच्या गळ्यात, वर दुरुस्ती. ४२ धरा. नोटिशीत ताबा 'सांकेतिक' लिहिला असेल तर आत अजून कर्जदार राहतोय. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं तो निघेपर्यंत, किंवा तो डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, गेला तर तिथला निकाल लागेपर्यंत, तुम्ही बिनभाड्याचे मालक. भाडं आलं तरी मेंटेनन्स आणि घरफाळा जाऊन वर्षाला ८५ हजार राहतील, म्हणजे दोन टक्के. नऊ टक्क्यांनी घेऊन दोन टक्क्यांनी लावायचं, आणि किंमत दुप्पट होईल या आशेवर बसायचं.

उचगावला बसू नका. कर्ज १९, जवळचे ७, खर्चाचे अडीच वजा, म्हणजे तुमची कुवत फार तर २३-२४ लाख, तीही मुलीच्या शिक्षणाला एक रुपया न ठेवता. राखीव किंमतच २९ आहे. सव्वासात लाखांपैकी चार लाख बारावीनंतरच्या फीसाठी वेगळी एफडी करून ठेवा, बाकीचे घरखर्चाची गंगाजळी. गाडीचं कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या घराचा विषय काढू नका.

पत्राच्या तळाशी तुम्ही सहज लिहिलंय की कर्जाची फाईल हलावी म्हणून बँकेतल्या साहेबांनी वर्षाला ५० हजारांची 'गॅरंटी'वाली पॉलिसी गळ्यात मारली, आणि तिचे कागद येऊन १८ दिवस झाले. कर्जासाठी पॉलिसी सक्तीची नसते, आणि जे कर्ज मिळणारच नव्हतं त्यासाठी तर नाहीच. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज त्या साहेबांकडे न देता थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या. बारा दिवस उरलेत, त्यात दोन रविवार धरा.