केबिन क्रूचं काम म्हणजे सेवा जास्त की सुरक्षा?

तुमच्या भाचीला निपाणीहून थेट केबिन क्रूच्या मुलाखतीला जायचंय आणि घरचे 'विमानात चहा वाटायला एवढं शिकलीस का' म्हणून अडून बसलेत. या कामात सेवा किती आणि सुरक्षा किती, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगाव शहापूरची, हेच काम केलेली, म्हणून ठामपणे सांगते.

विमानात क्रू असतो तो आधी कायद्यामुळे. साधारण दर ५० सीटांमागे एक केबिन क्रू हवाच. चहा-नाश्ता चढला नाही तरी विमान उडतं. क्रू कमी पडला तर जागेवरून हलत नाही. ट्रेनिंगमध्येही ट्रे धरायला शिकवतात त्याहून कितीतरी वेळ आग, धूर, सीपीआर (छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालवणं), दारं आणि संकटात उतरायच्या घसरगुंड्या, म्हणजे स्लाइड, यांवर जातो. त्याची परीक्षा पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि नापास झालं की ड्युटी बंद. नवीन मॉडेलला परवानगी देताना भरलेलं विमान, निम्मी दारं बंद ठेवून, ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं. तो वेळ गाठायचा तर दारापाशी ओरडणारं माणूस तयारीचंच हवं.

मग हसणं-बोलणं वरवरचं का? अजिबात नाही. दारात हात जोडून नमस्कार करताना आमचे डोळे काम करत असतात. कोण लंगडतंय, कोणाच्या तोंडाला दारूचा वास आहे, कोण धडधाकट आहे आणि वेळ आली तर हाताशी येईल. टेकऑफला दाराजवळच्या छोट्या सीटवर गप्प बसलेली क्रूची मुलगी मनात उजळणी करत असते: माझं दार कुठलं, बाहेर आग दिसली तर कुठलं, पहिला हुकूम काय द्यायचा.

बेळगावच्या सांबरा विमानतळाहून बंगळूरला जाताना खानापूरकडच्या एक मावशी इमर्जन्सी दाराजवळच्या सीटवर बसल्या, मांडीवर कुंद्याची, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईची, पिशवी घट्ट धरून. तिथं दार उघडू शकेल असंच माणूस बसवायचं आणि पायात-मांडीवर सामान नको, हा नियम. नुसता नियम सांगितला तर त्या आणखी आवळून बसल्या. "कुंदा चेपंल की गं, नातवाला घेतलाय!" मी खाली वाकून म्हटलं, "मावशी, मागं खिडकीची सीट देते. पिशवी वरच्या कप्प्यात सगळ्यांच्या सामानावर ठेवते आणि उतरताना मीच काढून देते." लगेच उठल्या. आवाज चढवला असता तर भांडण झालं असतं आणि उड्डाण रखडलं असतं. गोड बोलण्याचा खरा उपयोग असा होतो. ज्याच्यावर प्रवाशाचा विश्वास बसलाय, त्याचं तो धूर झाल्यावरही ऐकतो.

पण दोन्हींत ओढाताण झाली तर सेवा बाजूला ठेवायची, विचार करत बसायचं नाही. कॅप्टनने बसायला सांगितलं की गरम पाण्याची ट्रॉली बंद, कोणी कितीही रागावलं तरी. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला हवेत जबर हिसका बसला. एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले. अशा वेळी चहा दिला नाही म्हणून आलेल्या तक्रारीवरून क्रूला जाब विचारणारा वरिष्ठ चूक करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे पुढच्या वेळी ती मुलगी बसायच्या ऐवजी ट्रॉली ढकलत राहील.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोन हातात घेतले, घसा ताणून ओरडले, आग पाहून आठपैकी तीनच दारं वापरली. ३७९ जण जिवंत बाहेर आले. तिथं 'कृपया' नव्हतं, हुकूम होता. हे घरच्यांना आधी सांगा.

भाचीला एवढंच सांगा, की अर्जात भाषांच्या रकान्यात मराठी आणि हिंदीबरोबर कन्नडही आवर्जून लिहायचं. आपल्या सीमाभागातल्या पोरी तिन्ही भाषा सहज बोलतात आणि त्याचं मोल त्यांना स्वतःलाच कळत नाही. इंग्रजी न कळणाऱ्या आजीला 'पिशवी टाक, पुढं चल' हे तिच्या भाषेत सांगणारी मुलगी दारापाशी असेल, तर मागची रांग खोळंबत नाही.