आधी चपला काढायला सांग

नौपाडा, ठाणे

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

कळव्यात ओपीडी सुरू झाली, फार बरं वाटलं. बोटं जुळलेल्या बाळाविषयी विचारलंस. दर 2,000 ते 3,000 जन्मांमागे असं एक बाळ असतं, तेव्हा ही वेळ तुझ्यावर पुन्हा येणारच.

शहापूर-मुरबाडकडून आलेली आई बहुधा आधी ग्रहणाचं सांगेल. ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं, असं घरचे म्हणतात. ते कानाआड करू नकोस. सासूबाईंसमोरच ठणकावून सांग की हिच्या हातून काहीही चुकलेलं नाही. पोटातल्या बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यात मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटं सुटी होतात. तेच काम इथे अपुरं राहिलं. दिवस राहिल्याचं तेव्हा कित्येकींना जेमतेम कळलेलं असतं.

मग आईबाबांना, आजीआजोबांना चपला काढायला सांग. कधीकधी त्यांच्यातल्या कुणाचं तरी पायाचं दुसरं आणि तिसरं बोट अर्ध्यापर्यंत जुळलेलं असतं, आणि जन्मभर कुणी त्याची दखल घेतलेली नसते. "आमच्यात कुणालाच नाही" हे वाक्य पाय बघितल्याशिवाय मानायचं नाही! घराण्यातून येणारा दोष बहुतेकदा एकाच पालकाकडून येतो आणि प्रत्येक बाळंतपणात निम्मी शक्यता असते. बापाच्या पायावर नुसती खूण, तर लेकाचे दोन्ही हात जुळलेले, असंही होतं. कुणाकडेच काही नसेल, तर जनुकातला बदल बाळातच नव्याने झालेला असू शकतो.

कोणत्या जनुकात दोष आहे, याचा अंदाज बोटांवरून येतो. मधलं बोट आणि अनामिका जुळून मध्ये जास्तीचं बोट असेल, तर एचओएक्सडी13 हे जनुक. अनामिका-करंगळी जुळलेली आणि डोळे बारीक, तर जीजेए1. सगळीच बोटं एक झालेली असतील तर डोक्याचा आकार बघ. एफजीएफआर2 जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एपर्ट सिंड्रोममध्ये कवटीचे सांधेही लवकर जुळतात. एकाच हाताला असेल तर छाती चाचप. त्या बाजूचा स्नायू नसेल तर तो पोलंड सिंड्रोम, आणि तो सहसा वारशाने येत नाही. पुढच्या बाळाची धास्ती घेतलेल्या आईला हे त्याच दिवशी कळायला हवं.

पायाची बोटं बहुधा तशीच राहू देतात. हाताला अंगठा किंवा करंगळी अडकली असेल तर मात्र शेजारचं लांब बोट वाकडं वाढतं, म्हणून वर्षाच्या आत सर्जनकडे पाठव. चिठ्ठी तिथेच लिहून दे. मुरबाडहून दुसरी फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

तुझी,
मावशी