चावी कोणाकडे? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी पत्रांचा गठ्ठा मोठा होता आणि गंमत म्हणजे बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी, की "सर्वांवर प्रीती करा" हे रविवारी ऐकायला छान वाटतं, पण सोमवारी कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याचं करायचं काय. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, त्याबद्दल सॉरी. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सेक्रेटरी आहे. गेल्या दोन वर्षांत कामासाठी बाहेरून आलेली बरीच कुटुंबं उपासनेला येऊ लागलीयेत. भाषा वेगळी, मुलं लहान, गोंधळ होतो. कमिटीत सूचना आली की त्यांच्यासाठी दुपारी वेगळी उपासना ठेवू, म्हणजे त्यांनाही मोकळं वाटेल. सूचना मीच मिनिट्समध्ये लिहून घेतली पण घरी आल्यापासून काहीतरी खटकतंय. आपण कोणाला हाकलत तर नाहीये, मग चुकतंय कुठे?

उत्तर : खटकतंय ना, मग ते दाबू नकोस. मला एकच सांग, "त्यांनाही मोकळं वाटेल" हे वाक्य त्यांच्यापैकी कोणी म्हटलं होतं का? त्या मीटिंगमध्ये त्यांच्यातलं एक तरी माणूस बसलेलं होतं का? तुझ्या पत्रावरून तरी वाटत नाही. आपल्या भाषेत प्रार्थना करावी असं त्यांनाच वाटत असेल तर वेगळी उपासना ही फार चांगली गोष्ट आहे, पण ते त्यांनी मागायला हवं, आपण आपली शांतता टिकवायला त्यांच्या नावाने मागायचं नाही.

हा घोळ नवा नाहीये बरं का. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढ. यरुशलेमची पहिली मंडळी, सगळं सामाईक, कोणी उपाशी नाही असं आपण कौतुकाने सांगतो ना, त्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मात्र नीट मिळत होतं. तक्रार झाली. आता प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, काय केलं बघ, त्यांनी "प्रीतीने राहा, कुरकुर करू नका" असं प्रवचन दिलं नाही. त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक! निकलाव तर जन्माने यहुदीसुद्धा नव्हता, नंतर यहुदी मतात आलेला. त्यावरून बरेच अभ्यासक म्हणतात की ज्यांची माणसं उपाशी राहत होती त्यांच्याच हातात वाटपाचा कारभार दिला. मी हे दरवेळी वाचते आणि थांबते, कारण आपण फार फार तर काय करतो, तर दोन पाकिटं जास्त पाठवतो. कोठाराची चावी देत नाही.

आणि वेगवेगळं बसायचं म्हणशील तर करिंथ शहरातल्या पहिल्या मंडळीत तेच चाललं होतं. ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊनपिऊन मोकळे, आणि गरीब उशिरा पोचले की उपाशी. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात स्पष्ट लिहिलं की तुम्ही जे खाताय ते प्रभुभोजन नव्हेच (पहिलं करिंथ, अकरावा अध्याय). अमेरिकेत अठराव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियातल्या एका चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवायचे, आणि ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन गुडघ्यावर प्रार्थना करत असताना जोन्सला धरून उठवायला लागले की तुझी जागा इथली नाही. ती माणसं प्रार्थना संपेपर्यंत थांबली आणि मग सगळीच्या सगळी उठून बाहेर पडली. पुढे १८१६ मध्ये ॲलनच्या पुढाकाराने कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र मेथडिस्ट संप्रदाय उभा राहिला. तिथेही कोणी "तुम्ही येऊच नका" म्हटलेलं नव्हतं, फक्त कुठे बसायचं ते ठरवून दिलं होतं.

तेव्हा पुढच्या मीटिंगला त्या कुटुंबांतली दोन माणसं बोलव, आणि नुसती पाहुणी म्हणून नको, मत द्यायला. एक शास्त्रपाठ त्यांच्या भाषेत होऊ दे. मुलं गोंधळ घालतात म्हणतेस, तर तुमची स्वतःची मुलं त्या वयात काय करत होती ते जरा आठवा.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरते. आमच्या चर्चला सहा पायऱ्या आहेत. दर रविवारी चार तरुण मुलं मला खुर्चीसकट उचलून आत नेतात, सगळे कौतुकाने बघतात, एकदा तर पाळकांनी प्रवचनात "हीच ती प्रीती" म्हणून आमचा उल्लेख केला. मुलं गुणी आहेत, पण मला दर वेळी पडायची भीती वाटते आणि लाजही वाटते. रॅम्पचं विचारलं की फंड नाही म्हणतात, पण नवीन साउंड सिस्टीम मात्र आली. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : अजिबात नाही. उलट तुमचं पत्र वाचून मलाच राग आला, साउंड सिस्टीमपाशी तर जास्तच.

पाळकांच्या डोक्यात मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट असणार, कफर्णहूमची, पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं ती. पण ती गोष्ट पुढेही आहे! दारात गर्दी होती, आत जाता येईना, तेव्हा त्या चौघांनी छप्पर उचकटलं. म्हणजे माणूस आणि इमारत यांचं जमत नव्हतं तेव्हा त्यांनी इमारत फोडली. आणि येशूने छपराच्या नुकसानीबद्दल कोणाला बोल लावल्याचं कुठे लिहिलेलं नाही, त्याने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय. तुमच्या चर्चने गोष्टीचा पहिला अर्धा भाग घेतला आणि जिथून खर्च सुरू होतो तिथे पुस्तक मिटलं.

कमिटीला नुसतं "रॅम्प हवा" म्हणू नका, हिशोब घेऊन जा. सुरक्षित उताराचं सगळीकडे मानलं जाणारं माप १:१२ आहे, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. सहा पायऱ्या साधारण सहा-सहा इंचांच्या धरल्या तर उंची ३ फूट, म्हणजे ३६ फुटांचा उतार, मध्ये दम घ्यायला एक सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. जागा कमी असेल तर उतार वळवून घेता येतो. फक्त घाईघाईत दोन फळ्या टाकून तीव्र उतार करू देऊ नका, तो पायऱ्यांपेक्षा वाईट. आणि बांधल्यावर पहिल्यांदा तुम्ही वापरून पाहिल्याशिवाय "झालं" म्हणू देऊ नका.

अजून एक, तुम्ही लिहिलं नाहीये पण मला अंदाज आहे, की लोक न विचारता तुमच्या पायांवर हात ठेवून बरं होण्यासाठी प्रार्थना करत असतील. बार्तीमय आंधळा होता हे समोर दिसत होतं तरी येशूने त्याला आधी विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" हे वचन कमिटीला जरूर वाचून दाखवा, उत्तरात "रॅम्प" म्हणा.

प्रश्न : आमचा ग्रुप वर्षातून एकदा ब्लँकेट आणि कपडे वाटतो, फोटो टाकतो. एकाने कमेंट केली की हा दिखावा आहे. इतकं तरी करतोय ना?

उत्तर : ब्लँकेटची ऊब खरी असते, तेवढं वाटप बंद करू नका. फोटो बंद करा, निदान घेणाऱ्याचा चेहरा तरी नको.

बायबलमधल्या लेवीय १९ मध्ये शेतकऱ्याला सांगितलंय की कापणी करताना कोपरे सोड, खाली पडलेली कणसं उचलू नकोस, ती गरिबांची आणि परक्यांची. परक्या देशातून आलेली विधवा रूथ अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. यात मालक कोणाच्या हातात काही ठेवत नाही, समोरचा येतो आणि वेचून नेतो, आणि ते उपकार म्हणून नाही, नियमाने. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलेल्या बायका-मुलींना केडगावात नुसतं पोसलं नाही, शिकवलं, कामं शिकवली, आणि त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत जे भाषांतर केलं ते छापण्याचं काम त्याच बायकांनी केलं. तुमच्या ग्रुपला विचारायचा प्रश्न म्हणजे, ज्यांना पाच वर्षं ब्लँकेट देताय त्यांच्यापैकी किती जण आज तुमच्या ग्रुपमध्ये आहेत?

प्रश्न : नवरा हात उगारतो. चर्चच्या वडीलमंडळींकडे गेले तर म्हणाले क्षमा कर, येशूने सत्तर वेळा सात सांगितलंय, घर मोडू नकोस. मी प्रार्थना करते पण मार थांबत नाही. सही करत नाही, समजून घ्या.

उत्तर : आधी हे ऐक, तू सुरक्षित राहणं पहिलं, बाकी सगळं नंतर. जिथे तो पोचणार नाही अशा बहिणीकडे, मैत्रिणीकडे, निवाऱ्यात, जिथे जमेल तिथे जा, मुलं असतील तर त्यांना घेऊन. लागलेल्याचे फोटो काढ, डॉक्टरला दाखवून कागद घे, पोलिसांत जायचं तर एकटी जाऊ नकोस, कोणाला तरी सोबत ने. हे केल्याने तुझा विश्वास कमी होत नाही.

आता त्या वडीलमंडळींसाठी. "सत्तर वेळा सात" हे मत्तय १८ मध्ये आहे, साधारण मध्यावर. त्याच अध्यायात त्याच्या आधी काय आहे ते ते सोडून देतात. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात टाकलेलं बरं, हे त्याच अध्यायात. अपराध करणारा ऐकत नसेल तर एकदोघांना साक्षीला घे, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला बाहेरचा समज, हेही त्याच अध्यायात, क्षमेच्या वचनाच्या आधी. (तिथली पहिली पायरी आहे की एकट्याने जाऊन त्याला दोष दाखव. ती तुझ्यासाठी नाही, मारणाऱ्यासमोर एकटीने उभं राहायचं नाही.) तू तर मंडळीला सांगितलंस, म्हणजे तुझा भाग झाला, चुकली ती मंडळी. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला, नुसतं सॉरी म्हणून झाडावरून उतरला नाही. क्षमा तू कधीतरी करशील की नाही हा तुझ्या आणि देवाच्या मधला विषय आहे, आणि केलीस तरी त्याच घरात परत जायलाच हवं असं त्यात कुठेही नाही.

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, त्याने मला सांगितलं की तो गे आहे. लहानपणापासून क्वायरमध्ये गातो. आता म्हणतो, आई, मी चर्चला येणार नाही, तिथे मला माझ्याबद्दलच ऐकावं लागतं. मी काय करू, देवाला सोडू की मुलाला?

उत्तर : दोघांपैकी एकाला सोडायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मुलाने तर तसं मागितलेलंही नाही, त्याने तुम्हाला विश्वासाने खरं सांगितलंय, आणि माझ्या मते घरात त्याहून मोठी गोष्ट या वर्षी घडली नसेल.

मी उगाच गोड बोलणार नाही. या बाबतीत जगभरातल्या चर्चेसमध्ये मतभेद आहेत, काही ठिकाणी समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देतात, बऱ्याच ठिकाणी ते पाप मानतात, तुमचे पाळक कदाचित दुसऱ्या बाजूचे असतील. माझं स्वतःचं मत विचाराल तर तुमचा मुलगा जसा आहे तसा मंडळीचा आहे, आणि ते मत मी कृत्ये आठव्या अध्यायातून घेते. कूशी, म्हणजे आफ्रिकेतला, षंढ, राणीचा खजिनदार, रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे तसल्या माणसाला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता, तरी तो एवढ्या लांबून यरुशलेमला उपासनेला जाऊन आला होता, आणि तिथे त्याला कुठवर आत घेतलं असेल कोण जाणे. तो फिलिप्पाला विचारतो, हे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? तो फिलिप्प म्हणजे वरच्या सातांमधलाच बरं का, ज्याची माणसं एकेकाळी वाटपातून वगळली गेली होती. त्याने अडचणींची यादी काढली नाही, रथ थांबला आणि दोघं पाण्यात उतरले. आणि जो यशया तो वाचत होता त्यातच थोडं पुढे, छप्पन्नाव्या अध्यायात, षंढांना वचन आहे की पुत्र आणि कन्या यांच्यापेक्षा उत्तम नाव मी त्यांना माझ्या मंदिरात देईन.

करायचं काय तर चर्चला चल म्हणून मागे लागू नका. त्याला सुधारायला कोणाकडेही नेऊ नका, असल्या "उपचारांनी" कोणी बदलत नाही, मुलं मात्र आतून मोडतात. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं ते तो ठरवेल, तुम्ही नाही, तुमच्या प्रार्थना ग्रुपमध्ये तर मुळीच नाही. आणि पुढच्या रविवारी कोणी विचारलं की क्वायरमध्ये दिसत नाही हल्ली, तर खोटं बोलू नका, "त्याला इथे मोकळं वाटत नाही" एवढंच म्हणा आणि समोरचा काय म्हणतो ते बघा. घरी तो गात असेल तर सोबत बसा, सूर जमला नाही तरी चालेल.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, मैत्रिणीसोबत तुमच्या लोकांच्या सेवाकार्यात येते. मला काही हक्क आहे का तिथे बोलायचा?

उत्तर : येशूच्या गोष्टीत वाटेवरच्या जखमी माणसासाठी थांबलेला शोमरोनीसुद्धा "आपल्यातला" नव्हता, आपले दोघं, मंदिरातले सेवक, तर रस्ता ओलांडून निघून गेले होते. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर सांगितलं जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. त्याच्याकडे कोणी हक्क विचारला नाही. पुढच्या मीटिंगला जा, आणि हिशोबाची वही मागा बघायला.