ओहोटी नव्हे, आणि ‘पुराकिनारा’ तर नव्हेच

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचे दोन प्रश्न आहेत. ‘हिमयुगात समुद्राला हजारो वर्षे ओहोटी लागली होती’ असं वाक्य सातवीतल्या मुलाच्या निबंधात आलं आहे, ते चालेल का? आणि त्या काळचा जो काठ आता पाण्याखाली गेला, त्याला मराठीत नेमकं काय म्हणावं?

पहिलं उत्तर सोपं आहे. नाही चालणार, बाई. खोडा ते. मुलाला मात्र बोलू नका, कारण त्यानं हे स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नाही. भाषणांत, बातम्यांत, विज्ञानाच्या नावाखाली होणाऱ्या व्याख्यानांत ‘हिमयुगातली महाओहोटी’ मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता कानाला त्रास होतो. ओहोटी सव्वासहा तासांची असते. ती लागते, संपते, मागोमाग भरती येते, आणि दिवसातून हे दोनदा घडतं. चंद्रसूर्य पाणी ओढतात म्हणून ती होते. समुद्रातलं पाणी त्यात थेंबभरही कमी होत नाही. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात: चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ते उधाण, अष्टमीच्या आसपासची लहान भरती तो भांग. इतकी काटेकोर शब्दसंपत्ती ज्या भाषेत आहे, तिच्यात वीस हजार वर्षांपूर्वीच्या घटनेला ओहोटी म्हणणं हा आळस आहे.

‘श्रीमंतीला ओहोटी लागली’ असं आपण म्हणतोच की, असं कुणी म्हणेल. म्हणा. श्रीमंतीच्या बाबतीत ते लक्षणेनं शोभतं. पण समुद्राबद्दलच बोलत असताना समुद्राचाच नेमका शब्द लक्षणेनं वापरला, तर ऐकणाऱ्यानं कुठला अर्थ धरायचा? ओहोटीच्या मागे प्राकृतातलं ‘ओहट्ट’ आहे आणि त्याचा अर्थ नुसतं मागे सरणं एवढाच आहे, हा युक्तिवादही मला ठाऊक आहे. शब्दाचा जन्म कुठे झाला यावरून तो आज कुठे राबतो ते ठरत नाही.

हिमयुगात खरोखर पाणी कमी झालं होतं. समुद्राची वाफ होऊन पडलेला बर्फ उत्तर अमेरिका आणि युरोपच्या उत्तर भागावर साचत गेला, तिथेच राहिला, आणि समुद्रात परतलाच नाही. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी जगभरची समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. मग बर्फ वितळू लागला आणि पाणी चढू लागलं, तेही सारख्या वेगानं नव्हे. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी काही शतकांतच ते पंधरा-वीस मीटर चढलं. साधारण सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या जवळ येऊन ठेपलं. तेव्हा मुलानं ‘हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती’ किंवा साधं ‘समुद्र उतरला होता’ असं लिहावं. उतरणं आणि चढणं ही दोन क्रियापदं पुरेशी आहेत. मलप्रभा चढली, मलप्रभा उतरली, हे तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला कळतं.

त्यासाठी कृपा करून ‘सागरी अतिक्रमण’ आणि ‘सागरी प्रतिक्रमण’ आणू नका. अतिक्रमण म्हटलं की मुलांना रस्त्यावरची टपरी दिसते. आणि प्रतिक्रमण? आपल्या सीमाभागात, निपाणी-चिकोडीपासून बेळगावपर्यंत, जैन घरं किती आहेत! त्या घरांतल्या मुलाला प्रतिक्रमण म्हणजे काय हे आजीनं शिकवलेलं असतं: झालेल्या दोषांची कबुली देऊन परत फिरणं. एका धर्माचा इतका जिवंत शब्द उचलून समुद्राला चिकटवायचा, हे परिभाषा घडवणाऱ्यांना कसं सुचतं, मला समजत नाही.

‘समुद्रसपाटी’ शब्दाचाही असाच एक गैरसमज पसरला आहे, तो इथेच सांगतो. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असते आणि लोक ती डोंगराच्या उंचीसारखी कायमची धरून चालतात. बेळगाव आज साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. हिमयुगाच्या भरात तेच बेळगाव, जागचं तसूभरही न हलता, समुद्रापासून पावणेनऊशे मीटरच्या जवळपास उंच होतं. सपाटी हा मापायला घेतलेला आधार आहे आणि तो आधारच वरखाली होतो. उलटही घडतं: जमीनच उठते. स्वीडनच्या बोथनियाच्या आखाताकाठी एक किनारा आज समुद्रापासून 286 मीटर उंचावर आहे. तिथे समुद्र इतका खाली गेलेला नाही. जमिनीवर बसलेला बर्फाचा प्रचंड थर वितळला आणि दबलेली जमीन अजूनही वर येते आहे. म्हणून ‘समुद्र मागे हटला’ असं लिहिण्याआधी कोण हटलं ते बघावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

या जुन्या काठासाठी ‘पुराकिनारा’ असा शब्द सुचवला जातो. मला तो अजिबात पसंत नाही. किनारा फारसी आहे याला माझी हरकत नाही. दर्या आणि बंदरही फारसीच, आणि ते आपले झालेले आहेत. हरकत ‘पुरा’ला आहे. मराठी मुलाच्या कानाला ‘पुरा’ हे ‘पूर’चं सामान्यरूप आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेनं चिकोडी-निपाणीकडची गावं कशी बुडवली ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पुराकिनारा म्हणजे पुराचं पाणी जिथवर आलं तो किनारा असंच वाटणार. ‘प्राचीन तटरेषा’ चुकीची नाही, फक्त निर्जीव आहे.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे. ‘वेळ’.

हसू नका. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे सीमा, मर्यादा. त्यातूनच समुद्र आणि जमीन यांच्यामधली सीमा म्हणजे किनारा, समुद्राची भरती, आणि काळाची सीमा म्हणजे वेळ असे तिन्ही अर्थ फुटले. घाटावरच्या मराठीनं त्यातला घड्याळाचा अर्थ तेवढा ठेवला आणि बाकीचे विसरले. समुद्राकाठचे विसरले नाहीत. गोव्याच्या कोकणीत वेळ म्हणजे आजही रेतीचा किनारा. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं वेळागर घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातलं, कासवांमुळे नाव झालेलं वेळास घ्या. वेळणेश्वर घ्या. ही सगळी गावं ऐन समुद्रावर आहेत, आणि तरी वेळणेश्वराबद्दल सांगितलं जातं काय, तर नवसाला पावायला वेळ न लावणारा ईश्वर! देवावर श्रद्धा असावी, पण या व्युत्पत्तीवर नको. ‘वेळ-न-लावणारा’ असा समास मराठी कधीही करत नाही. वेळेवरचा, म्हणजे किनाऱ्यावरचा देव, असंच ते नाव आहे, यावर मी ठाम आहे.

जुना पुरावा हवा असेल तर शिलाहार राजा अनंतदेवाचा 1094 सालचा खारेपाटणचा ताम्रपट पाहा. ठाणे, सोपारा, चौल या बंदरांसाठी त्यात ‘वेलाकूल’ हा शब्द आहे. गुजरातेतलं वेरावळ हे त्याच वेलाकूलाचं झिजलेलं रूप.

आणि ही वेला फक्त आपलीच नाही. कन्नडमध्ये ती ‘बेले’ झाली, व चा ब होऊन, जसा तिथे अनेकदा होतो. कारवारच्या खाली अंकोला तालुक्यात बेलेकेरी नावाचं बंदर आहे. मी ते याच माळेत ओवतो. यावर दोन्हीकडून आक्षेप येतात. काही मराठी मंडळी म्हणतात, कन्नड गावाच्या नावात संस्कृत कशाला शोधता. काही कन्नड मंडळी म्हणतात, बेले आमचा मूळचा द्राविडी शब्द, संस्कृतनंच तो आमच्याकडून उचलला. पहिल्यांना मी उत्तर देत नाही. दुसऱ्यांना एवढंच विचारतो की किनारा, भरती आणि काळ हे तिन्ही अर्थ एकत्र नांदताना द्राविडी भाषांत कुठे दिसतात ते दाखवा. संस्कृतात ते एका घरात राहतात. कन्नडचे स्वतःचे शब्द याहून देखणे आहेत: समुद्राला कडल, भरतीला उब्बर, ओहोटीला इळित, आणि नदीच्या काठाला दंडे. मालवणच्या ‘दांडी’ किनाऱ्याचं आणि हुक्केरीकडच्या ‘दंडे’चं काही नातं असेल का, हा विचार माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळतो आहे.

या उत्साहात एक गोष्ट मात्र होऊ देऊ नका. बेळगाव म्हणजे ‘वेळेचं गाव’, इथपर्यंत पूर्वी समुद्र होता, असं सांगणारे भेटतात. साफ चूक. कन्नडमध्ये बेळगावीतला बे ऱ्हस्व आहे आणि पुढे ळ आहे. बेलेतला बे दीर्घ आहे आणि पुढे ल आहे. दोन वेगळी घराणी. जुन्या लेखांत गावाचं नाव वेणुग्राम, वेळुग्राम असं येतं, म्हणजे वेळूचं, बांबूचं गाव. साडेसातशे मीटर उंचीवर समुद्र यायला जगातला सगळा बर्फ वितळूनही भागणार नाही. तसंच वाळूत पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल. भरतीच्या रेषेच्या जरा वर ती उगवते, तिच्या नावात मर्यादाही आहे, आणि तिथे वेला शोधायचा मोह मलाही होतो. पण ती वेल ‘वल्ली’ची. तिला ओढूनताणून आणू नये.

वेला या शब्दाच्या पोटात एक समजूत आहे आणि पुरातत्त्वानं नेमकी तीच खोटी ठरवली आहे, म्हणून मला तो इतका आवडतो. समुद्र कितीही खवळला तरी वेला ओलांडत नाही, ही संस्कृत कवींची ठरलेली कल्पना. थोर पुरुषाच्या संयमाला समुद्राची उपमा देतात ती यावरूनच. पण समुद्रानं वेला ओलांडली आहे, माणसाच्या डोळ्यांदेखत ओलांडली आहे. मुंबईपासून 160 किलोमीटरवर, जिथे आज तेलविहिरी आहेत त्या बॉम्बे हायपाशी पाणी सुमारे 75 मीटर खोल आहे. हिमयुगात तिथवर चालत जाता आलं असतं. फ्रान्समध्ये मार्सेलजवळ कोस्के नावाच्या गुहेचं तोंड आज समुद्राखाली 37 मीटरवर आहे. पाणबुड्या आत शिरला तेव्हा त्याला वरच्या कोरड्या भागात भिंतींवर घोडे, सील आणि हातांचे ठसे दिसले, सुमारे 27 हजार वर्षांपूर्वीपासूनचे. ते काढणारी माणसं पायी आली होती. इस्रायलच्या अतलित-याममध्ये आठ ते बारा मीटर पाण्याखाली नऊ हजार वर्षांपूर्वीचं अख्खं गाव आहे, दगडांनी बांधलेल्या विहिरीसकट. गोड्या पाण्याची विहीर, आज समुद्राच्या तळाशी.

इथे परशुरामाची कथा पुढे केली जाते. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे त्याची आई रेणुका, म्हणून आपल्या जिल्ह्यात ही कथा घराघरांत आहे आणि मलाही ती प्रिय आहे. पण ‘परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला ही हिमयुगाची आठवण’ हे विधान दिशेतच चुकतं. वीस हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात समुद्रानं जमीन दिली नाही, सतत घेतली. कथा म्हणते जमीन मिळाली. मिळाली असेल तर ती त्यानंतरची: पाणी थोडंफार उतरल्यानं, नद्यांचा गाळ साचल्यानं, माणसांनी बांध घालून खाजणं केल्यानं. बुडालेल्या जमिनीचा पुरावा बघायचा तर आपल्याच नदीच्या तोंडाशी जा. खानापूरच्या जंगलात उगवणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि तिथे ती इतकी रुंद दिसते ती तिची दरी समुद्रानं भरून टाकली म्हणून.

जुनी वेळ सापडली की सगळं श्रेय समुद्रालाच देऊ नये. गुजरातेतलं हडप्पाकालीन लोथल आज समुद्रापासून दूर पडलं आहे त्यात नद्यांच्या गाळाचा आणि बदललेल्या पात्रांचा मोठा हात आहे. मुंबईत 1878 च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची झाडं मुळांसकट उभी सापडली. तिथे पाणी चढलं की जमीन खचली, हा वेगळा विचार करावा लागतो. आणि खंबातच्या आखातात सापडलेलं ‘साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं शहर’ मी मुलांना शिकवणार नाही. जोरदार प्रवाहाच्या तळातून उपसून काढलेल्या एका लाकडाच्या तुकड्याचं वय म्हणजे शहराचं वय नव्हे.

कोकणात शंखशिंपले आणि वाळू एकमेकांना घट्ट चिकटून झालेल्या किनाऱ्यावरच्या दगडाला ‘करल’ म्हणतात. तो पाण्याच्या रेषेजवळच तयार होतो, म्हणून जुनी वेळ ओळखायला अभ्यासक तो शोधतात. हा शब्दही वर्गात सांगा.

वर्गात अडचण येईल ती लिंगाची, म्हणून तेवढं लिहितो. ‘किती वेळ लागला’ मधला वेळ पुल्लिंगी, ‘जेवणाची वेळ झाली’ मधली वेळ स्त्रीलिंगी, हे मुलांना माहीत असतं. समुद्राची वेळ वेलेप्रमाणे स्त्रीलिंगीच: ती वेळ, त्या वेळा, जुन्या वेळेवरची वस्ती, साठ मीटर पाण्याखालची वेळ. गोंधळ होईल असं वाटलं तर पहिल्यांदा ‘समुद्राची जुनी वेळ’ असं पूर्ण लिहावं, पुढे नुसतं ‘जुनी वेळ’ पुरतं.