लिनक्स शिकतोय, आधी विम (टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर) शिकू की ऑपरेटिंग सिस्टीम?

अरे दोन्ही सोबतच होतं, त्यासाठी इंदूरच्या भंवरकुआला क्लासची फी भरायची घाई नको करू. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, विमट्यूटर (vimtutor) टाइप कर, अर्ध्या तासात हात बसायला लागतो, अडकलास तर एस्केप दाबून कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर, की बाहेर (सेव्ह न करता हं!). खरी मजा पुढे आहे, फाईल उघडी असतानाच कंट्रोल-झेड दाब, विम गायब होईल पण बंद नाही झालेला, त्याची प्रोसेस (सुरू असलेला प्रोग्राम) नुसती थांबलीय, पीएस (ps) कमांड मारली की यादीत दिसते आणि एफजी (fg) मारली की कर्सर होता तिथेच परत. मग दुसऱ्या टर्मिनलमधून तीच फाईल उघड, विम लगेच कुरकुर करतो कारण पहिल्या विमने स्वॅप फाईल (बदलांची तात्पुरती नोंद) बनवून ठेवलीय, लाइट गेली तरी त्यातून बरंचसं परत मिळतं. नॅनो हा दुसरा एडिटर सोपा आहे, पण विमचा पूर्वज, १९७६ चा व्हीआय (vi) किंवा त्याचा अवतार जवळपास प्रत्येक युनिक्स मशीनवर सापडतोच.